बेसिनमध्ये ओतलेलं पाणी

भूजलाच्या एका प्रोजेक्टवर नवीनच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. सॅम्पल एका शेतकरी काकांच्या बोअरचं, दोनेकशे फूट, खाली सगळा काळा दगड. लाईट रात्री अकराला येणार म्हणून गोठ्याजवळ बसून राहिलो, आली तशी मोटर सुरू केली आणि टेंपरेचर, ईसी (पाण्यातून वीज किती वाहते ते माप) स्थिर होईपर्यंत पाणी नुसतं सोडून दिलं, कारण पाईपात साचलेलं पाणी नको असतं. काकांचा जीव तुटत होता, शेवटी त्यांनीच पाईप उचलून उसाच्या सरीत टाकला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरवर बॅक्टेरिया अडकवले आणि खालचं पाणी बेसिनमध्ये ओतलं. मागून मॅडम, "काय ओतलंस?"
"काही नाही मॅडम, फिल्टर झालेलं पाणी."
"अरे, व्हायरस त्यातच होते की!"

नशीब, फ्रीजमध्ये एक बाटली शिल्लक होती. यावेळी ०.०२ मायक्रॉनची डिस्क (ती इतकी ठिसूळ की दोन चिमट्यातच तुटल्या), वर सायबर गोल्ड, म्हणजे डीएनएला चिकटून चमकणारा डाय, आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोप. चार-पाच मोठे हिरवट ठिपके म्हणजे बॅक्टेरिया आणि त्यांच्या भोवती टाचणीच्या टोकाएवढे बारीक ठिपके, मोजता मोजता मी दोनदा चुकलो. वाटलं डायच घाण आहे, म्हणून ब्लँक (सॅम्पल न घालता नुसतं स्वच्छ पाणी आणि डाय) लावला तर तो काळाकुट्ट!

हे बारीक ठिपके फेज, म्हणजे बॅक्टेरियाला लागणारे व्हायरस. स्वीडनमध्ये ऍस्पोच्या जमिनीखालच्या लॅबमध्ये ग्रॅनाइटमधल्या पाण्यात, ६९ ते ४५० मीटर खोलीवर, एका मिलिलीटरला लाख ते कोटीच्या घरात व्हायरस सापडलेत, २००८ चा पेपर आहे. तिथे खाली ऊन नाही, झाडपाला नाही, खायची कायमची मारामार. फेजने एक बॅक्टेरिया फोडला की त्याच्या पोटातलं सगळं पाण्यात मिसळतं आणि तेच शेजारच्यांचं जेवण होतं, शिवाय एकाच जातीचे बॅक्टेरिया फार माजले की फेजला शिकार सोपी होते आणि बाकीच्यांना जागा मिळते. काही फेज तर लगेच मारतही नाहीत, बॅक्टेरियाच्या डीएनएत गपचूप बसून राहतात. हे सगळं वाचून मला आधी ओतलेल्या बाटलीचं जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला काकांनी विचारलं, काय निघालं पाण्यात? मी उत्साहात म्हटलं, "व्हायरस!" त्यांचा हातातला तांब्या तिथंच थांबला. मग समजावलं की हे माणसाला लागत नाहीत, पिण्याच्या पाण्याची टेस्ट वेगळी असते, तीही करून घेऊ. जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे त्या रात्री सरीत सोडलं, त्यातबी होते की!"