नदीदेवाच्या दाढीतले रवे

आज लूव्रमध्ये मोनालिसाची गर्दी सोडून (तिथे लोकांची डोकीच दिसतात) एट्रुस्कनांच्या (प्राचीन इटलीतले लोक) दागिन्यांपाशी रेंगाळले. सोन्याचा इवलासा लोलक: अकेलूसचं मुंडकं. ग्रीकांचा हा नदीदेव बैलाच्या शिंगांचा, त्यातलं एक हेराक्लीसशी झालेल्या कुस्तीत मोडलेलं. काम इ.स.पू. 480च्या सुमाराचं. केस तारकामाचे, दाढी मात्र सगळी रव्यांची, म्हणजे सोन्याच्या बारीक कणांची! काचेला नाक लावून पाहिलं, तरी एकेक रवा वेगळा दिसेना. तांब्याचे क्षार लावून, कोळशाच्या आचेवर हे रवे जोडत म्हणे. आच जरा वाढली की दाढीचा गोळाच! परका देव घेतला आणि थेट दागिना करून मिरवला, एट्रुस्कनांचं हे मला भारी आवडलं. सोनारकाम करणाऱ्या बाबांना लगेच सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मजुरी किती घेतली असेल गं?"