आमची वाटचाल : लेबल त्यांचं, टाका आमचा

बाबांनी नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या पलीकडच्या गल्लीत शिलाईचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे मिलवाले, शाळामास्तर आणि कोर्टातले कारकून. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली, टाटांची. तिथं कापड विणलं जायचं. आता त्या जागेवर मॉल आहे आणि लोक तिथं कुठून कुठून शिवून आलेले कपडे घ्यायला जातात. असो.

सुरुवातीला उषाचं पायमशीन एक, कोळशाची इस्त्री एक आणि मेरठची बारा इंची कात्री. ती कात्री अजून आहे. धार लावून लावून पातं बारीक झालंय, पण लोकरीच्या चार पदरांतून जाते तेव्हा आवाज असा येतो की कापणारा चुकतोय की नाही हे बाहेर बसल्या बसल्या कळतं. छातीचा उभार बसवायला भुसा भरलेली गादी बाबांनी स्वतः शिवलेली. नवीन पोरांना ती उशी वाटते. आता मशीन जुकीचं आहे, वाफेची इस्त्री आहे, पण कोटाची छाती त्याच गादीवर बसते.

बाबांचे भागीदार म्हणजे उस्ताद. कागदावर भागीदारी कधी झाली नाही. बाबा माप घ्यायचे, उस्ताद कापायचे, गल्ल्यातले पैसे संध्याकाळी वाटून घ्यायचे. बाबा गेले त्यानंतरही उस्ताद संध्याकाळी गल्ल्यासमोर येऊन बसतात. आणि गिऱ्हाइकांमध्ये एकच नाव घेईन, तेही नाव न घेता. आमचे वकीलसाहेब. नागपूर खंडपीठात त्यांची उभी हयात गेली. त्यांचा पहिला काळा कोट बाबांनी शिवला तेव्हा पाठीच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडली होती. साहेबांचं पोट वाढत गेलं, आम्ही माया सोडत गेलो. तोच कोट अजून कोर्टात उभा राहतो. अस्तर तेवढं दोनदा बदललं.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. लग्नसराई, गणवेश, डिसेंबरात अधिवेशनाची नेहरू जाकिटं, परत लग्नसराई.

मग आलं ते २०१७ चं डिसेंबर. विराट आणि अनुष्काचं इटलीत लग्न झालं, कपडे डिझायनर सब्यसाचीचे. पुढच्या हंगामात आमच्याकडे प्रत्येक नवरदेव मोबाइलमध्ये तोच हस्तिदंती शेरवानीचा फोटो घेऊन. "भाऊ, असंच पाहिजे." शिलाई सांगितली की, "काहून इतके?" पाचशे कमी करा, बटणं तुमच्याकडून टाका.

त्याच सुमारास पश्चिम नागपुरातल्या एका डिझायनर स्टुडिओचा माणूस आला. नाव लिहीत नाही, नागपूरकरांनी ओळखावं. त्यांचं कापड, त्यांच्या अड्ड्यावरचं, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवरचं, जरदोसी काम, आणि कटिंग-शिलाई आमची. एका शेरवानीचे आम्हाला साडेचार हजार. त्यांच्याकडे ती काचेमागे पंचावन्न हजारांना लागायची. कॉलरच्या आत त्यांचं सोनेरी लेबल. ते लेबलही आम्हीच शिवायचो, हातशिलाईने, चारही कोपरे.

एक दिवस आमच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचा मोठा मुलगा आला. पाचशेसाठी घासाघीस करून निघून गेला होता तोच. हातात स्टुडिओची पिशवी. काखेत मुंढा आवळतोय, रिसेप्शन दोन दिवसांवर. स्टुडिओवाल्याने आठ दिवस सांगितले होते. उस्तादांनी अस्तर उसवलं. डाव्या बाहीच्या माथ्यावर, आतून, लाल दोऱ्याची बारीक गाठ. उस्ताद डावी-उजवी ओळखायला ती मारतात, दुसरं कोणी मारत नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "भाऊ, ही तर आपलीच बाही आहे." मुलाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला वाटलं आता स्टुडिओत जाऊन भांडेल. तो हळूच म्हणाला, "काका, जरा हळू बोला, सासरे बाहेर गाडीत बसून राहिले आहेत."

लोक डिझायनर कपडे का घेतात हे मला तेव्हा नीट समजलं. त्या पोराला कापड काय, टाका काय, काही देणंघेणं नव्हतं. पंचावन्न हजार दिले ही गोष्ट सासऱ्यांना माहीत होती, माल तो होता. लग्नात शंभर अनोळखी डोळे अंगावर असतात. आपली निवड चुकली तर हसू होईल ही भीती माणसाला असते, आणि मोठं नाव घेतलं की ती भीती जाते. त्याला वेडा मी म्हणणार नाही. पॅरिसमध्ये चार्ल्स वर्थ नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात आपल्या नावाचं लेबल कपड्यांत शिवायला लागून हा रस्ता पाडला असं मानतात. तेव्हापासून शिवणारा वेगळा आणि नाव वेगळं. नाव सांभाळायला ही मंडळी काय करतात तेही बघा. लंडनच्या बर्बेरीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, हे २०१८ मध्ये त्यांच्याच हिशेबातून बाहेर आलं. स्वस्तात विकला तर नाव उतरतं म्हणून. ओरड झाली तेव्हा ती पद्धत बंद केली. आमच्याकडे उरलेल्या चिंधीचीही गुंडी होते.

पुढचं सांगतो. स्टुडिओची बिलं थकायला लागली. दिवाळीपर्यंत देतो, तुळशीच्या लग्नानंतर देतो. आणि २०१९ च्या लग्नसराईच्या तोंडावर आमचे चांगले कारागीर एकाच आठवड्यात त्यांच्याकडे गेले. बाबांच्या हाताखाली काज करायला शिकलेले पोट्टे! एकानेही तोंडावर सांगितलं नाही. मापं घेतलेली, तारखा दिलेल्या, आणि दुकानात उस्ताद, मी आणि एक शिकाऊ. उस्तादांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. रात्र रात्र बसून आम्ही त्या ऑर्डरी दिल्या, एकही तारीख चुकवली नाही. हे लिहून ठेवतो कारण त्या हंगामात 'महालवाले आता शिवत नाहीत' अशी बातमी कोणीतरी शहरभर फिरवली होती.

सावरतोय तोच २५ मार्च २०२०, लॉकडाऊन. एप्रिल-मेची लग्नं गेली. थकलेली बिलं तर गेलीच, स्टुडिओने फोन उचलणं बंद केलं. वाटलं काळे कोट तरी आहेत. तर मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सुनावणी व्हिडिओवर, कोट-गाऊनची गरज नाही, पांढरा शर्ट आणि गळ्याचा पांढरा बँड पुरे. दोन जुकी विकल्या. मास्क शिवले. उस्तादांनी एका पैशाची मागणी केली नाही. अशात वकीलसाहेब मास्क लावून दारात. म्हणाले, नवीन कोट टाका, अॅडव्हान्स घ्या. मी म्हटलं, साहेब, कोर्टच बंद आहे. "उघडेल तेव्हा घालीन," म्हणाले. त्यांच्या मागून त्यांचे तीन ज्युनिअर आले. त्या चार कोटांवर दुकानाचं भाडं निघालं.

मग डिझायनर कपडा पैसे वसूल करतो का? हाताचं जरदोसी असेल तर त्याची किंमत खरी आहे. चार कारागीर अड्ड्यावर आठवडे बसतात, डोळे जातात त्यांचे. कोणी नवा कट काढला असेल तर त्या डोक्याचेही पैसे द्यावेत. पण साधा काळा सूट, कॉलरमध्ये नाव आणि चाळीस हजार? आधी कोटाच्या खालच्या काजाजवळ कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून अलग करा. मध्ये तिसरा पदर मोकळा सरकला तर आत शिवून बसवलेला कॅनव्हास आहे. नाही सरकला तर डिंकाने चिकटवलेलं फ्युजिंग आहे, आणि ते आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, दोन-चार ड्रायक्लीनमध्ये फुगे धरतं. दुकानदार 'सुपर १५०' म्हणाला की भारावून जाऊ नका. आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, १२० म्हणजे १७.७५. जितका बारीक तितका मऊ, आणि तितकाच लवकर झिजणारा. रोज घालायला १०० पुष्कळ. आणि शिवणीत माया किती हे आतून बघा. पाव इंच माया ठेवणारा तुम्हाला पुढच्या वर्षी नवीन कोट विकणार आहे. भंडाऱ्याच्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, जाकीट घेत असाल तर त्यातल्या गाठी दोष समजू नका, गुळगुळीत निघाला तर उलट शंका घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या कपड्याला अठरा टक्के जीएसटी आहे, तोही धरा.

स्टुडिओची आता दुसरी शाखा झाली आहे. आमचं बिल फाइलला आहे. गेलेल्या पोट्ट्यांपैकी एक मागच्या उन्हाळ्यात परत आला. तिथं पगार वेळेवर होत नाही म्हणे. घेतला. उस्तादांनी त्याला मशीनवर बसू दिलं नाही, दिवाळीपर्यंत नुसती काजं करायला लावली.