कथा नसलेलं फूल

दसऱ्याच्या पानापानाला आपल्याकडे कथा आहे. आपट्याला रघुराजा आणि कौत्साची. कुबेराने सोन्याच्या मोहरा पाडल्या त्या याच झाडावर. शमीच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रं लपवली. आणि ज्याच्याशिवाय दसरा दसरा वाटतच नाही, त्या झेंडूला? काही नाही. तो कुठल्या देवाच्या घामातून उगवला नाही, की कुणाच्या शापाने पिवळा पडला नाही.

पुराणं रचली गेली तेव्हा स्वारी इथे नव्हतीच ना! झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याचं बी युरोपात नेलं आणि पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून, मिरची-काजू-पेरूच्या संगतीने, तो आपल्या किनाऱ्याला लागला असं मानतात. गंमत म्हणजे शेतीच्या पुस्तिकांत त्याचे दोन प्रकार दिलेले असतात, आफ्रिकन आणि फ्रेंच. दोघांचंही माहेर मेक्सिकोकडचंच. वाटेत जिथे मुक्काम पडला, तिथलं आडनाव चिकटलं.

माहेरी मात्र त्याचा थाट वेगळा. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा दिवस पाळतात, म्हणजे आपला सर्वपित्रीचा भाव, पण गाणी-बजावणी आणि गोडाधोडासकट. गेलेली माणसं त्या रात्री घरी येतात. त्यांना वाट कशी सापडायची? तर झेंडूच्या रंगाने आणि वासाने. म्हणून दारापासून घरातल्या वेदीपर्यंत पाकळ्यांची पायवाट घालतात. वेदीवर फोटो, मेणबत्त्या, पाव आणि त्या माणसाच्या आवडीचं खाणं. तो उग्र, हिरवट वास, ज्याला आपण जाई-मोगऱ्याच्या पंगतीला बसवत नाही, तोच तिथे कामाचा. इतक्या लांबून यायचं तर मोगरा कुठे पुरणार?

आपल्याकडे त्याने पितरांचं खातं सोडलं आणि शस्त्रपूजेचं घेतलं. खंडेनवमीला कोयता, शिलाई मशीन, लेथ, रिक्षा, एसटी, सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. मला यात त्याची हुशारी दिसते. दाभण देठातून आरपार गेलं तरी पाकळी विस्कटत नाही, उन्हात टांगला तरी चट्कन मान टाकत नाही, आणि दिवस आखूड व्हायला लागले की भरभरून फुलतो, नेमका सणांच्या तोंडावर. एवढी नोकरी करणाऱ्याला वंशावळ कोण विचारतो? चारेकशे वर्षांत तो इतका घरचा झाला की आंब्याच्या पानाशेजारी त्याला परका म्हणायची कुणाची छाती नाही.

एखादं फूल उसवून बघा. आपण जिला पाकळी म्हणतो ती पाकळी नसतेच, ते एक अख्खं फूल असतं. तिच्या बुडाशी पांढुरकी बारीक काडी असते. फूल झाडावरच वाळलं, की ती काळी होते आणि टोकाला राठ केसांची शेंडी राहते. तेच बी. बाजारच्या संकरित फुलांत बरंचसं पोकळ निघतं, पण कोकणातल्या परसातले गावठी गोंडे एकदा लावले की पुढच्या पावसाळ्यात आपले आपण उगवतात. शेतकऱ्याला त्याचा आणखीही उपयोग: टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावतात, कारण फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी घालणारा पतंग आधी त्याच्याकडे वळतो. मुळांतल्या रसायनाने जमिनीतले सूत्रकृमी, म्हणजे पिकाच्या मुळांना लागणारे धाग्यासारखे बारीक कृमी, तेही आटोक्यात राहतात.

एवढं करूनही दसऱ्याच्या दुपारी भाव असा कोसळतो, की फुलांचे ढीग रस्त्याकडेला टाकून टेम्पो रिकामेच परततात. तेव्हा शेतकऱ्याचा चेहरा बघवत नाही. त्या मानाने पाकळ्यांतला रंग काढणाऱ्या कारखान्यांचं बरं चाललंय. तो पिवळा अर्क कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात, त्याने अंड्याचा बलक छान केशरी होतो. म्हणजे नवरात्रात नऊ दिवस अंड्याला शिवायचं नाही, आणि उपास सुटल्यावर दुसऱ्या दिवशी अंडं फोडावं, तर तव्यात पुन्हा हाच!