त्रेचाळीस मीटरांवरचा हिरवा रंग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे निमंत्रण आले आणि मी शाळेविषयी लिहायला बसलो. पण लेखणी चित्रकलेच्या सरांपाशी जी थांबली, ती तिथून हलायलाच तयार होईना. सरांचे नाव लिहिण्याची गरज नाही. प्रयोगशाळेच्या वरच्या खोलीत शाळा सुटल्यावर विमानांच्या प्रतिकृती कोण करवून घेत असे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. इतर शिक्षकांनीही पुष्कळ दिले. त्यांच्याविषयी माझे वर्गबंधू लिहितीलच.

किटच्या, म्हणजे प्रतिकृतीच्या जोडसंचाच्या, चौकटीतून सुटा भाग पिरगळून तोडलेला सरांना मुळीच खपत नसे. तो कटरने थोडे अंतर राखून कापायचा, उरलेला कोंब पात्याने तासायचा आणि मग ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, हा क्रम ठरलेला असे. नाकाखाली चाक असलेले जेट जोडताना ते सगळे भाग आधी टेपने बांधून पाहायला लावत आणि विमान शेपटीवर बसायचे थांबेपर्यंत नाकात शिशाचे तुकडे भरायला सांगत. शिवाय रंगाचे वजन नंतर चढते, म्हणून वर आणखी एक तुकडा.

मला विशेष आठवतो तो रंगाचा प्रसंग. आमच्यातल्या एकाने स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीसाठी मूळ विमानाशी तंतोतंत जुळणारा गडद हिरवा रंग मिळवला होता. सरांनी डबी उघडली, रंग उत्तम आहे असे म्हटले आणि त्यात पांढरा मिसळायला घेतला. तो बिचारा रडवेला झाला. काही न समजावता सर आम्हा सर्वांना टेप घेऊन मैदानावर घेऊन गेले. प्रतिकृती आपण डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरांवर धरतो. प्रमाण १:७२ असेल, म्हणजे प्रतिकृती मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी असेल, तर ते खरे विमान किती अंतरावरून पाहिल्यासारखे होईल, असा प्रश्न त्यांनी केला. हिशेब ४३ मीटरांचा आला. तेवढ्या अंतरावर त्याच डबीतल्या रंगाने रंगवलेली मोठी फळी भिंतीशी उभी केली आणि त्याच रंगाचा, बोटभर लांबीचा पंखाचा तुकडा आमच्या हाती दिला. हातातला तुकडा जवळजवळ काळा दिसत होता, तर उन्हातली फळी फिकट आणि किंचित राखाडी. लहान पृष्ठभागावर रंग गडद भासतो आणि मधली हवा दूरच्या रंगाचा जोर कमी करते, हे सरांनी त्यानंतर सांगितले. पांढरा मात्र थेंबाथेंबानेच घालायचा, कारण जरा जास्त झाला की विमान खडूने रंगवल्यासारखे दिसते.

आज प्रतिकृतींच्या स्पर्धांत माझ्या विमानांना बक्षिसे मिळतात आणि अलीकडे मला परीक्षक म्हणूनही बोलावतात. तिथे पत्र्यांच्या सांध्यांत काळा रंग भरून प्रत्येक रेघ ठसठशीत केलेली विमाने रांगेने मांडलेली असतात. पाव मिलिमीटर रुंदीची रेघ १:७२ च्या हिशेबाने १८ मिलिमीटरांची फट होते आणि अशा फटी असलेले विमान कोणी उडवले नसते! हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश आला, भाग विनापुट्टी जुळू लागले, डेकल्स (विमानावर चिकटवायची चिन्हे व अक्षरे) कागदाहून पातळ झाली. नजर मात्र तयार करून मिळत नाही. मी अशा विमानांना गुण कमी देतो आणि त्यावरून वादही ओढवून घेतो.

ती वरची खोली आता संगणकांना दिली आहे, असे कळले. संगणक हवेत, हे मान्य; पण कात्री आणि पाते न हाताळता मुले दहावी होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळेने आठवड्यातून एकदा, दुसरी कोणतीही खोली दिली, तरी मी माझी हत्यारे, रंग आणि न उघडलेली किट्स घेऊन येण्यास तयार आहे; मुख्याध्यापकांना तसे पत्र या मनोगतासोबतच पाठवत आहे.