पीएफमधून कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा

अमेरिकेत 1975 पासून कमी पगाराच्या कष्टकरी कुटुंबांना भरलेल्या करापेक्षाही जास्त रक्कम सरकारकडून परत मिळू शकते. आपल्याकडे तसं नाही. आयकराच्या कलम 87अ ची सवलत (2025-26 साठी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला) कर शून्यावर आणते, वर पैसे देत नाही. गंमत अशी, की शून्य कर असलेल्यांचाही टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर) कापला जातो आणि रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग कामगार यांची या टीडीएसशी गाठ पडते ती बहुधा पीएफ काढताना. नोकरीला पाच वर्षं व्हायच्या आत 50,000 किंवा जास्त रक्कम काढली तर 10 टक्के जातात. पॅन जोडलेला नसेल तर 20 टक्के. म्हणजे 80,000 वर 8,000 किंवा थेट 16,000.

खरी अडचण त्या पाच वर्षांत आहे. कामगार दर दोन-तीन वर्षांनी कारखाना बदलतो, नवा मालक नवा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) काढतो, जुना पीएफ जुन्या खात्यातच पडून राहतो. मग आठ वर्षं राबूनही हिशेबात दोनच धरली जातात. जुनं खातं नव्यात वर्ग केलं की आधीची वर्षं मोजली जातात, म्हणून पैसे काढण्याआधी ट्रान्सफर करा. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा आजारपणामुळे काम सुटलं असेल तर पाच वर्षांची अट लागत नाही. कागद मात्र जपून ठेवा.

वर्षाचा कर शून्य असेल आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर पीएफ काढण्याच्या दाव्यासोबत ‘टीडीएस कापू नका’ असं सांगणारा फॉर्म जोडा (2025-26 पर्यंत 15जी, साठीच्या पुढे 15एच). पॅनशिवाय हा फॉर्म चालत नाही. इथल्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि यूएएनला तिसरं असेल तर दावा तिथेच अडकतो. हे आधी दुरुस्त करा. पॅन-आधार जोडणी नसेल तर पॅन निष्क्रिय राहतो, रिफंडही थांबतो.

टीडीएस कापून झाला असेल तर आयकर पोर्टलवर फॉर्म 26एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराची नोंद) उघडा आणि रक्कम दिसते का ते पाहा. मग आयटीआर-1 (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरा, मुदत 31 जुलै. चुकली तर 31 डिसेंबरपर्यंत. 5 लाखांच्या आतल्या उत्पन्नाला विलंब शुल्क 1,000 पेक्षा जास्त नाही. रिटर्न भरून देणारे नेट कॅफेवाले पीएफची सगळी रक्कम उत्पन्न म्हणून टाकतात, तिथे लक्ष ठेवा. मालकाचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारात येतं, स्वतःच्या वाट्याचं व्याज इतर उत्पन्नात. स्वतःचा वाटा हे उत्पन्न नाही; पूर्वी त्यावर 80सी ची (बचतीवरची) करवजावट घेतली असेल तरच तो प्रश्न येतो, आणि या घरांत ती क्वचितच घेतलेली असते.

घरी माग चालवून जॉब वर्क करणाऱ्यांचा व्यापारी 1 टक्का टीडीएस कापतो. हे काम धंदा धरलं जातं, त्याला आयटीआर-1 चालत नाही; बहुतेकांना आयटीआर-4 (छोट्या धंद्यांचा फॉर्म) लागतो.

रिटर्न पाठवल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर वेळेत भरलेलं रिटर्नही वेळेत भरलेलं धरलं जात नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो, म्हणून तो नंबर चालू आहे का ते आधीच बघा. रिफंड येईल ते खातं पोर्टलवर पडताळलेलं आणि स्वतःच्या नावाचं हवं. नवऱ्याचं किंवा मुलाचं चालत नाही.