मोजपात्रासमोरचा अर्धा तास

तीन दिवसांच्या त्या सहलीतलं बाकीचं आता धूसर झालंय. सूर्योदय ढगात गेला, प्रेक्षणीय स्थळांवर पाय ठेवायला जागा नव्हती. लख्ख आठवते ती शेवटची सकाळ, त्या छोट्या शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातली.

नदीकाठाने चालत होते. एका पाइपमधून नदीत पाणी पडत होतं आणि त्याच्या तोंडाशीच माशांची झुंबड. वर पाटी वाचली तर हे अख्ख्या शहराचं सांडपाणी! मला सांडपाणी म्हणजे काळा नाला, फेस आणि नाकाला रुमाल एवढंच माहीत. न राहवून फाटकावर विचारलं, तर ऑपरेटरकाका म्हणाले, "या ना ताई, आत येऊन बघा." तीन दिवसांत इतक्या आपुलकीने दुसरं कुणी बोललं नव्हतं.

पहिल्याच जाळीपाशी मन खट्टू झालं. ओले वाइप्स, पॅड, चिंध्या आणि केस यांचा मनगटाएवढा पीळ, त्यावर थिजलेल्या तेलाचा पांढरा थर. वाइप्स कागदासारखे विरघळत नाहीत, ते पंपात गुंडाळले जातात. पंप बसला की मैला केंद्रापर्यंत पोचतच नाही, वाटेतच तुंबून नाल्यात उतरतो. तळणीचं उरलेलं तेल मीही वर्षानुवर्षं बेसिनमध्ये ओतलंय. तो थर बघून खरंच लाज वाटली.

वाळू खाली बसवायची जागा, मग पहिली निवळणीची टाकी. तिथे वास होता, भराभर पुढे गेलो.

पुढच्या टाकीत चॉकलेटी पाण्याला उकळी फुटल्यासारखं वाटत होतं. तळातून ब्लोअर हवा सोडत होते. मैला खाणारे जिवाणू नदीतही असतातच, पण तिथे तो खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो मुळात असतो लिटरमागे जेमतेम ८-९ मिलिग्रॅम, आणि बराच खाली उतरला की मासे तडफडतात. म्हणून हे खाणं नदीत पोचायच्या आधीच, बाहेरून हवा देऊन, टाकीत उरकून घ्यायचं. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही रीत मांडली. खाली बसलेला गाळ फेकायचा नाही, त्यातले पोसलेले जिवाणू नव्या सांडपाण्यात पुन्हा सोडायचे, ही त्यातली खरी मेख.

काकांनी त्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात भरलं, कट्ट्यावर ठेवलं आणि घड्याळ बघितलं. "आता अर्धा तास कट्ट्याला हात लावू नका." मी समोरच बसले. आधी नुसता गढूळपणा. मग दूध फाटावं तसे कण एकमेकांना धरायला लागले, गुठळ्या झाल्या आणि वरच्या काठाशी बोटभर स्वच्छ पाणी दिसलं. ती रेघ हळूहळू खाली सरकत गेली. तीस मिनिटांनी गाळ अडीचशेच्या खुणेवर थांबला होता आणि वरच्या पाण्यातून मागच्या भिंतीवरची अक्षरं वाचता येत होती!

"हा गाळ कधी कधी फुगतो," काका म्हणाले. "दोऱ्यासारखे जिवाणू माजले की तो बसत नाही. मग निवळणीच्या शेवटच्या टाकीतून पाण्याबरोबर सरळ नदीत. म्हणून सकाळी आल्याआल्या आधी हे बघायचं."

नदीकाठाच्या फिरायच्या वाटेवर शहराने ठिकठिकाणी फलक लावलेत. या केंद्राचं नाव एकावरही नाही, याचा मला मनापासून राग आला. मासे बघायला थांबलेल्या माणसाला ते इथे का आहेत, हे कळायला नको?

काकांनी वहीत २५० लिहिलं, मोजपात्रातलं सगळं पाणी गाळासकट पुन्हा टाकीत ओतलं, मोजपात्र विसळून उपडं ठेवलं. "दुपारच्या पाळीचा माणूस पुन्हा लावेल," म्हणाले आणि जाळी साफ करायला निघाले.