विंगेतून ऐकलेलं गाणं

आमच्या घरात बीटल्सचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' (माझी गिटार हळुवार रडत असताना) म्हणजे गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा सोलो, त्यानं एकट्यानं वाजवलेला तुकडा. दादाकडे बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या अल्बमची कॅसेट होती. सोलो सुरू झाला की जेवता जेवता त्याच्या डाव्या हाताची बोटं हवेतल्या गिटारवर फिरायची.

१९९६ मध्ये बीटल्सच्या न आलेल्या ध्वनिमुद्रणांचा 'अँथॉलॉजी ३' आला आणि त्यात हेच गाणं निघालं, पण ड्रम्स नाहीत, बास नाही, क्लॅप्टन नाही. २५ जुलै १९६८ ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन अकूस्टिक गिटार घेऊन एकटा गायला होता. मागे हलकीशी हार्मोनियम, बस्स. दादानं पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "यात गिटार रडतच नाही रे."

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पण मी त्या गाण्यातून बाहेरच पडलो नाही.

कारण होतं शेवटचं कडवं. ते पांढऱ्या अल्बममध्ये नाही. तुम्ही उभं केलेलं नाटक मी विंगेतून बघतोय, आणि इथे बसून नुसता म्हातारा होतोय, अशा अर्थाचं. मी तेव्हा कॉलेजच्या एकांकिकांचं पार्श्वसंगीत बघायचो. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिराच्या विंगेत टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून उभं राहायचं, समोर मित्र प्रकाशात, आपण काळ्या शर्टात. विंगेतून माणसं अर्धीच दिसतात, पण त्यांचा श्वास ऐकू येतो. हे कडवं लिहिणारा माणूस विंगेत उभा राहिलेला आहे, याबद्दल मला शंका नव्हती. तो तेव्हा २५ वर्षांचा होता. २५ व्या वर्षी म्हातारपणाचं का सुचावं, हे मला लगेच कळलं होतं, कारण मीही साधारण तेवढाच होतो.

बीटल्समधल्याच लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांच्या गर्दीत हॅरिसनच्या वाट्याला जागा थोडी यायची. हे गाणं त्याला आईच्या घरी सुचलं. 'आय चिंग' हा चिनी ग्रंथ वाचून योगायोगाची कल्पना डोक्यात होती, म्हणून हाताला आलेलं एक पुस्तक सहज उघडलं, समोर जे शब्द आले त्यांवर लिहायचं ठरवलं. बाकीच्यांनी गाणं फारसं मनावर घेतलं नाही, म्हणून ६ सप्टेंबरला तो क्लॅप्टनलाच स्टुडिओत घेऊन आला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कुणी वाजवत नाही म्हणून क्लॅप्टन कचरत होता. हॅरिसनचं म्हणणं, गाणं माझं आहे. तो सोलो थोर आहे, मी कधीच नाकारणार नाही.

पण गिटार हातात घेतल्यावर मला दादाच्या वाक्याचं उत्तर सापडलं. ए मायनर धरायचा आणि खालचा स्वर उतरवत न्यायचा: ए, जी, एफ शार्प, एफ. पांढऱ्या अल्बममध्ये ही उतरण पियानो, बास आणि ड्रम्सच्या गर्दीत असते. एकट्या गिटारवर ती पायरी पायरीनं ऐकू येते. मधल्या भागात गाणं मेजरमध्ये जातं, क्षणभर खिडकी उघडल्यासारखं वाटतं, आणि परत तीच उतरण. रडणं ते आहे. सोलो नंतर आला.

हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ ला गेला. २००६ च्या 'लव्ह' अल्बमसाठी बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन यानं याच एकट्या ध्वनिमुद्रणाभोवती व्हायोलिन-चेलोंचं संगीत लिहिलं. १९६५ मध्ये 'यस्टरडे'साठी तंतुवाद्यं लिहिणारा तोच माणूस, तेव्हा ८० वर्षांचा. जुन्या गाण्यावर नवं काही चढवलं की मी सहसा नाराज होतो. इथे नाही. वाद्यं आवाजाच्या पुढे येत नाहीत, त्या उतरणीला हात देतात. आणि कापलेलं कडवं मार्टिननं ठेवलं.

गेल्या दिवाळीत दादा आला होता. मी काही न सांगता 'लव्ह'मधलं लावलं. तो चकलीची भाजणी, पुतण्याचं लग्न असं बोलत होता. कडवं आलं तेव्हा गप्प झाला. गाणं संपल्यावर म्हणाला, "परत लाव. ते विंगेचं."